कार्ड खाटेचं, पेशंट स्टुलावरचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या आरोग्याच्या पानावर एका वाचकाने विचारलं होतं, ‘आयुष्मान कार्ड (सरकारी आरोग्य विम्याचं) घेणारा फॅमिली डॉक्टर कसा शोधावा?’ खाली चौकटीत उत्तर होतं, योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ वर फोन करा किंवा आयुष्मान ॲपवर जवळचं रुग्णालय पाहा. उत्तर खोटं नाही, पण त्या प्रश्नाचं नाही. बिचाऱ्याने विचारलं डॉक्टरबद्दल, तुम्ही सांगितलं रुग्णालयाबद्दल. हाच शोध मी अकरा महिने केला आहे, इंदुरात, दुखऱ्या गुडघ्यांसकट. म्हणून लिहिते. पत्र लांबेल, कात्री लावा हवी तर, पण पॅनेल डॉक्टरचा भाग तेवढा राहू द्या.

आमचं घर लोकमान्य नगरात. मी त्र्याहत्तर वर्षांची, हे सत्त्याहत्तर. ह्यांना बीपी आणि शुगर, मला थायरॉइड. एकतीस वर्षं आमचे एकच डॉक्टर होते. दवाखाना म्हणजे एक गाळा, मधे हिरवा पडदा. पडद्याच्या आत टेबल, तपासायचं उंच बाकडं, त्यावर चढायला लाकडी पायरी आणि पेशंटसाठी गोल फिरणारं स्टूल. मुलं त्या स्टुलावर बसून गरागरा फिरायची, म्हणून कंपाउंडरकाकांनी कधीतरी त्याचा स्क्रूच जाम करून टाकला होता. बस, एवढंच. ना लिफ्ट, ना टोकन, ना टीव्ही. २०२४ च्या दसऱ्याला डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. वय झालं होतं, हात कापायला लागला होता, मुलगा परदेशी. जाताना त्यांनी एक गोष्ट केली, जी मी कुठल्या डॉक्टरने केल्याचं ऐकलेलं नाही. जुन्या पेशंटना एकेक करून बोलावून घरोघरची पिवळी पुठ्ठ्याची कार्डं हातात दिली.

आमचं कार्ड दोनशे बारा नंबरचं. चार पुठ्ठे एकाला एक स्टेपल केलेले. सगळ्यात वर १९९३, ‘मुलगी, गोवर’. मग २००३ मधे ह्यांची शुगर पहिल्यांदा वाढलेली सापडली, तिच्याभोवती लाल गोल. २०११ ला सासूबाईंच्या नावापुढे ‘घरी जाऊन पाहिले’ असं तीन वेळा, आणि चौथ्या वेळी नुसती तारीख. त्या तारखेचा अर्थ आम्हां दोघांनाच कळतो, आणि डॉक्टरांना.

गंमत बघा, आमच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला दसऱ्याला आणि सतराच दिवसांनी, धनत्रयोदशीला, म्हणजे २९ ऑक्टोबर २०२४ ला, पंतप्रधानांनी सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. मूळ आयुष्मान योजना २०१८ च्या सप्टेंबरातली, पण ती गरीब कुटुंबांच्या यादीतल्यांसाठी. आम्ही त्या यादीत नव्हतो, मेडिक्लेमचा हप्ताही परवडत नव्हता. ह्यांची नोकरी खाजगी कंपनीतली, पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाकडून मिळणारी, महिना २,६४० रुपये. आकडा लिहायला संकोच वाटत होता, पण लिहिते. नव्या कार्डाला उत्पन्नाची अट नाही. आधारवर वय सत्तर किंवा जास्त असलं की झालं. जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरतात, थांबायला लावत नाहीत. वर्षाला पाच लाख, आम्हां दोघांत मिळून. शेजारच्या मुलाने त्याच्या मोबाइलवर आमची ई-केवायसी केली. चेहरा दाखवायचा होता, ह्यांचे डोळे दर वेळी मिटायचे. पाचव्यांदा जमलं. कार्ड आलं तेव्हा मी ते देवापुढे ठेवलं, खोटं कशाला सांगू.

आणि मग ते पर्समधे घालून डॉक्टर शोधायला निघाले.

पहिलं क्लिनिक अन्नपूर्णा रोडच्या बाजूला. काउंटरवरच्या मुलीने कार्ड हातात घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाली, “आंटी, ये तो भर्ती वाला कार्ड है. आप भर्ती होंगे क्या?” विचारण्याची तऱ्हा अशी की जणू ‘पोहे लेंगे क्या’. मी म्हटलं, बाई, बीपी मोजायचंय आणि गोळी संपलीये. तर म्हणे, “उसके पाँच सौ लगेंगे.” दिले. दुसरीकडे तीनशे. तिसऱ्याने कार्डाचं नाव काढताच असा चेहरा केला की मीच काहीतरी चोरीचा माल विकायला आलेय.

चौथं होतं शहराच्या दुसऱ्या टोकाचं एक नर्सिंग होम. भाचा म्हणाला होता, तिथे ‘आयुष्मान चलता है’. चालत होतं खरं. काउंटरवरच्या गृहस्थाने अगदी गोड आवाजात सांगितलं, “दो दिन भर्ती कर लेते हैं, सब जाँचें हो जाएँगी, आपका एक पैसा नहीं लगेगा.” ह्यांना ते इतकं पटलं की हे बूट काढायला लागले. मी म्हटलं, थांबा. दोन पायांवर चालत आलेला, सकाळी दोन पोळ्या आणि मटारची उसळ खाल्लेला माणूस कुठल्या आजारासाठी भरती होणार? कागदावर काहीतरी लिहावंच लागेल ना. जे लिहिणार ते खोटं, आणि खर्च दोघांच्याच पाच लाखांतून जाणार. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, “अगं पण जाँचा झाल्या असत्या.” हा मोह आहे, संपादक महोदय. आमच्यासारख्या सुखवस्तू म्हणवणाऱ्या घरालाही झाला. स्टुलावर बसून होणाऱ्या कामाला पैसे नाहीत आणि खाटेवर झोपलं की आहेत, मग माणसं झोपायला शिकणारच.

त्या रात्री मी १४५५५ लावला. पलीकडची मुलगी फार सभ्य बोलली आणि पाच मिनिटांत माझा कित्येक महिन्यांचा गोंधळ संपवला. ओपीडी, म्हणजे भरती न होता डॉक्टरला दाखवणं, या योजनेत नाही. भरती झालात तर भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुट्टी मिळाल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढा तपासण्या-औषधांचा खर्च त्यातच धरलेला असतो. बाकी नाही. नंतर ओळखीच्या एका हॉस्पिटलमधल्या आयुष्मान मित्राकडून उरलेलं समजून घेतलं. (‘आयुष्मान मित्र’ म्हणजे काउंटरवर बसून या कार्डांचं काम बघणारा माणूस. नाव छान आहे.) योजना चालते पॅकेजवर. अमुक ऑपरेशनला अमुक रक्कम, आधी ऑनलाइन मंजुरी, मग क्लेम. आणि योजनेत नाव लागायला हॉस्पिटलला कमीत कमी दहा खाटा लागतात. आता माझ्या डॉक्टरांकडे काय होतं? एक बाकडं आणि एक जाम झालेलं स्टूल. म्हणजे ते असते तरी त्यांना हे कार्ड घेताच आलं नसतं. जो मुळात असूच शकत नाही, त्याला मी इंदूरभर शोधत होते. ‘घेत नाहीत’ म्हणून ज्या तिघांवर मनातून चिडले, त्यांच्याकडे घेण्याची सोयच नव्हती.

कार्डाला नावं ठेवायची नाहीत मला. फेब्रुवारीत ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन याच कार्डावर झालं, खाजगी हॉस्पिटलात. ऑपरेशन, भूल, खाट, जेवण, कशालाही पैसे लागले नाहीत. पूर्वी हाच खर्च आला असता तर मी बांगड्या काढल्या असत्या. फक्त सोनोग्राफी ऑपरेशनच्या आठ दिवस आधी झाली होती, तीन दिवसांच्या बाहेर, म्हणून ते नऊशे आमचे. आणि घरी आल्यावर विसाव्या दिवशी जखमेपाशी लाली दिसली. पंधराच्या आत दिसली असती तर कार्डातली, विसाव्याला दिसली म्हणून खिशातली. फी पाचशे, मलम-गोळ्या तीनशे चाळीस. जखमेला कॅलेंडर कळत नाही, त्याला ती काय करणार.

मी दूध आणि गॅसचा हिशेब रोजनिशीत लिहिते, त्यातच औषधांचाही. दिवाळी ते दिवाळी दोघांचे मिळून डॉक्टरांच्या फीचे ५,२००, तपासण्यांचे ७,४५०, औषधांचे २९,६००. एकूण ४२,२५०. यात कार्डाचा वाटा शून्य. ह्यांच्या पेन्शनच्या वर्षभराच्या रकमेपेक्षा हे दहा हजारांनी जास्त भरतं, ते बघून हे म्हणाले, हिशेब लिहिणं बंद कर. औषधांचा आकडा आणखी मोठा झाला असता, पण उन्हाळ्यापासून अर्धी औषधं जनऔषधी केंद्रातून आणते. सुरुवातीला हे त्या गोळ्या उजेडात धरून बघायचे, एवढी स्वस्त गोळी पोटात गेल्यावर काम करते का म्हणून. करते. बीपी तेच आहे.

आमच्या वॉर्डात सरकारी दवाखानाही आहे. तिथे फी नाही, बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्याही फुकट मिळतात. लोकांनी जावं, मीही जात होते. पण नऊ महिन्यांत समोर तीन वेगवेगळे डॉक्टर बसले. तिघंही तरुण, तिघंही हुशार, आणि तिघांचाही पहिला प्रश्न, “शुगर कब से है?” तिसऱ्यांदा ह्यांनी उत्तरच दिलं नाही, छताकडे बघत बसले. फॅमिली डॉक्टर या शब्दातलं ‘फॅमिली’ एवढ्याचसाठी आहे की हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारायला लागू नये.

आता पॅनेल डॉक्टर. माझे वडील इथल्याच एका गिरणीत होते. आमच्या लहानपणी घरात कुणी आजारी पडलं की ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, दवाखान्यात जायचं, हातात कार्ड असायचं, पैसे नसायचे. पण मुंबईला मामा होते, लालबागच्या चाळीत, तेही गिरणीत, आणि त्यांच्याकडे प्रकार वेगळा होता. तिथे ईएसआयचा ‘पॅनेल डॉक्टर’ असायचा. म्हणजे चाळीखालचाच आपला खाजगी दवाखानावाला, पण त्याचं नाव योजनेच्या यादीत. कामगाराने त्याच्याकडे आपलं नाव नोंदवायचं, आणि माणशी वर्षाला ठरलेली रक्कम डॉक्टरला योजनेकडून मिळायची. दारात कामगाराने खिशात हात घालायचा नाही. सुट्टीत आम्ही गेलो की मामी म्हणायची, “पॅनेलवाल्याकडे गर्दी असते, लवकर जा.” पॅनेलवाल्यांची रांग वेगळी, त्यांना मिळणारं लाल मिक्श्चर सगळ्या आजारांवर एकच, आणि कामावर खाडा करायचा असला की सर्टिफिकेटही तोच देतो, अशी सगळी चेष्टा मी मामाच्याच तोंडून ऐकली आहे. दोष होते. तरीही सांगायची गोष्ट ही, की सरकारी विमा घेणारा फॅमिली डॉक्टर या देशात होऊन गेलाय. त्याच्या मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असायची, एक खाच म्हणजे एक डोस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ईएसआयचा कायदा १९४८ चा आहे आणि योजना आजही चालू आहे. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के, आणि त्यात खोकल्यापासून ऑपरेशनपर्यंत सगळं येतं. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी सीजीएचएस ही आरोग्य योजना आहे, १९५४ पासून. तिथेही आधी दवाखान्यातला डॉक्टर, मग गरज पडली तर हॉस्पिटल. आणि जिथे सीजीएचएस पोचत नाही तिथल्या केंद्राच्या पेन्शनरांना औषधपाण्याचा महिना हजार रुपये भत्ता मिळतो. म्हणजे सरकारी बाबूला सर्दी होते हे सरकारला ठाऊक आहे. आम्हां बाकीच्यांना एकदम हर्नियाच होतो, असा समज दिसतो.

पुण्याची बहीण फोनवर म्हणाली, तुमच्या मध्य प्रदेशातच असं असेल, आमच्याकडे महात्मा फुले योजना आहे. मी म्हटलं, विचारून ये. विचारून आली. तिथेही पॅकेजं, तिथेही भरती.

डॉक्टर शेवटी मिळाला, म्हणजे मिळाली. कार्डामुळे नाही. जनऔषधीत जे मिळत नाही ते आम्ही ज्या मेडिकलवाल्याकडून घेतो, त्याला एकदा सहज विचारलं, की तुझ्या घरचे कुठे जातात? तो हसला आणि आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, “आंटी, जिसका पर्चा छोटा हो, उसके पास जाओ. मेरा नुकसान है, पर आपका फायदा है.” असे छोटे पर्चे, म्हणजे मोजक्या औषधांच्या चिठ्ठ्या, त्याच्याकडे कुणाच्या येतात तेही सांगितलं. सुदामा नगरात एका घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, पस्तिशीची मुलगी, एमबीबीएस. फी दोनशे. मी सवयीने पिवळं कार्ड टेबलावर ठेवलं. वाटलं, बाजूला सारेल. तिने स्टेपल केलेले चारही पुठ्ठे उलटून पाहिले. बाहेर सहा पेशंट होते. २००३ च्या लाल गोलावर बोट ठेवून ह्यांना म्हणाली, “काका, म्हणजे बावीस वर्षं झाली. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कधी केली होती?” मग ह्यांना मोजे काढायला लावले आणि तळपाय बघितले, बोटांच्या मधे मधे, वाकून. बावीस वर्षांच्या शुगरमधे पाय बघतात हे मला माहीत होतं. आधीच्या पाचशे-तीनशेवाल्यांपैकी एकानेही बूट काढा म्हटलं नव्हतं. नर्सिंग होममधे हे आपणहून काढायला लागले होते तेवढेच.

दुसऱ्या खेपेला गर्दी नव्हती, तेव्हा तिला पॅनेल डॉक्टरची गोष्ट सांगितली आणि विचारलं, तू घेशील का सरकारकडून? विचार करून म्हणाली, माणशी महिन्याला शंभर मिळाले आणि तीनशे म्हातारी माणसं माझ्याकडे नोंदली, तर वर्षाचे तीन लाख साठ हजार होतात, माझं भाडं आणि कंपाउंडर त्यात निघतो. मग मला तुम्हाला पुन्हापुन्हा बोलवून फी काढायची गरज नाही, उलट तुम्ही बरे राहिलात तर माझं काम कमी. पण लगेच दोन गोष्टी बोलली. एक, पैसे वेळेवर आले पाहिजेत, हॉस्पिटलवाले क्लेमसाठी ताटकळतात ते मी पाहते, मी चार महिने थांबू शकत नाही. दुसरी, “काकू, पैसे आधीच मिळालेले असले की तुम्हाला दोन मिनिटांत घालवून देणारे डॉक्टरही निघतील.” निघतील. मामाच्या लाल मिक्श्चरची आठवण मला तेव्हाच झाली. म्हणून पेशंटला वर्षातून एकदा डॉक्टर बदलायची मुभा हवी. ज्याच्याकडची नावं गळतील, त्याला कळेल.

माझी मागणी फार मोठी नाही. पाच लाखांतला एक टक्का, म्हणजे पाच हजार, वर्षाला ओपीडीसाठी वेगळे काढा आणि ते नोंदवलेल्या डॉक्टरकडेच वापरता येऊ द्यात. आमच्या ४२,२५० ला ते पुरणार नाहीत, मला कळतं. पण फी त्यात जवळपास निघते, आणि फी निघाली की माणूस दाखवायला जातो. आत्ता काय चाललंय ते आमच्याच गल्लीत बघा. एका आजोबांनी शुगरची गोळी महाग पडते म्हणून एक दिवसाआड घेतली. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. डायलिसिस कार्डावर होतं. गोळी होत नव्हती.

चौकटीतल्या तुमच्या वाचकाला माझा निरोप कळवा. कार्ड जरूर काढा, आणि फ्रिजवर चिकटवू नका, आधारबरोबर पाकिटात ठेवा, कारण ते लागेल तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतील. त्याच पाकिटात चालू गोळ्यांची यादी ठेवा. डॉक्टर मात्र कार्ड दाखवून शोधू नका, औषधाच्या दुकानात विचारा.

आणि तुमच्यासाठी एक. चौकटीचं शीर्षक ‘सत्तरीपुढच्यांना मोफत उपचार’ असं होतं. पुढच्या वेळी ‘सत्तरीपुढच्यांना भरती झाल्यास मोफत उपचार’ असं छापा. दोनच शब्द वाढतात, तुमच्या कॉलमात सहज बसतील.

आपली जुनी वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर
(नाव छापू नये, ह्यांना आवडणार नाही.)